सव्वा मण माल

शहापुरात धाऊच्या नावानं सांगत, की हा माणूस स्वतःच्या डोक्याचा मागचा भागसुद्धा स्वतःच भादरतो. गोष्ट खरी होती. दोन आरसे समोरासमोर टांगून तो कात्री चालवायचा, आणि मागून त्याचं डोकं उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखं दिसायचं. घराची कौलं तोच शाकारायचा, वहाणेला टाका तोच घालायचा. एकदा दाढ दुखली तर तीही त्यानं स्वतःच उपटली, आणि हातात शेजारची चांगली दाढ आली. लोक त्याला चिकट म्हणत. पण धाऊ चिकट नव्हता. कुणाला काम सांगायचं म्हणजे आपल्याला काय हवंय ते तोंडानं सांगावं लागतं, आणि तेवढंच एक त्याला जन्मात जमलं नाही.

त्याच्या बायकोचं नाव बाईजा. हे नाव धाऊच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. त्या काळी चारचौघांत बायकोचं नाव कुणीच घेत नसे. 'अगो', 'ऐकतेस का' एवढ्यावर माणसांचे संसार पार पडत. पण इतर नवरे निदान घरात कुणी नसताना तरी नावानं हाक मारत. धाऊ दोघंच असतानाही नुसता खाकरायचा. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यानं ठसका लागल्याचं सोंग केलं होतं, आणि मांडवातल्या बायकांनी पाणी आणून देईपर्यंत वेळ निभावून नेली. बाईजा शहाणी. ती त्याचं खाकरणं ओळखायला शिकली. एक खाकरणं पाण्याचं, एक भाकरीचं, आणि एक 'जरा इथं येऊन बस' म्हणणारं. पोरंबाळं नव्हती. त्या तीन खाकरण्यांवर चौदा वर्षं बरी गेली.

सत्तावन्न सालच्या फाल्गुनात बाईजा राबासाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, तोडलेल्या फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन माळ उतरत होती. पाय सरकला. भाऱ्यासकट खाली गेली आणि तिची कंबर धरली ती धरलीच. तिचं माहेर मुरबाडच्या पलीकडं, म्हशाला. तिथं जवळच्या पाड्यावर हाडवैद्य होता, त्याच्या हाताला गुण होता. तिचा धाकटा भाऊ कमळू चार माणसं घेऊन आला आणि डोलीतून तिला घेऊन गेला. धाऊ सापगावच्या नदीपर्यंत डोलीबरोबर चालत गेला. नदीपाशी त्याला तिला काहीतरी सांगायचं होतं. तो खाकरला. पण डोली उचललेली होती, माणसं घाईत होती, आणि हे कुठलं खाकरणं ते बाईजाला काही ऐकू आलं नाही.

मग घर. एक चूल, एक ताट, आणि वळणीवर तिचं एक जुनेर, ते त्यानं काढलं नाही. धाऊ लढाईच्या दिवसांत कल्याणच्या लष्करी छावणीत गाड्या धुवायला होता. धुता धुता चालवायला शिकला आणि पुढं एका लाकडाच्या ठेकेदाराकडं डायवर झाला. त्या पावसाळ्यात ठेकेदारानं ट्रक घ्यायचं ठरवलं आणि लष्करानं मोडीत काढलेली, डिस्पोजलमधली त्याची जुनी जीप धाऊनं मागून घेतली. मागणं हा शब्द धाऊच्या बाबतीत खोटाच, तो तीन दिवस जीपभोवती घुटमळला तेव्हा ठेकेदारानंच विचारलं, "तुला हवीय का रे ही?"

"हं."

"काय करणार घेऊन?"

"माल वाहीन," धाऊ म्हणाला.

माल त्यानं वाहिलाही. उंबरमाळीकडचे बांबू, सापगावचं भात, बाजाराच्या दिवशी भांडीकुंडी. पण जीप घेतली होती बाईजाला घरी आणायला. हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यात बाईजाही आली.

दसऱ्यानंतर रस्ता मोकळा झाला, तसा दर अमावास्येला तो जीप घेऊन म्हशाला जायचा. ओटीवर बसायचा. कमळूची बायको हिराबाई चहा आणून द्यायची. बाईजा आतल्या खोलीत बाजेवर, मध्ये कुडाची भिंत. सासरवाडीच्या ओटीवर बसून आतल्या बायकोशी बोलायचं म्हणजे साऱ्या घराला ऐकवून बोलायचं, आणि ते धाऊच्या बापालाही जमलं नसतं. तो कमळूशी पाण्यापावसाचं बोलायचा, जरा मोठ्यानं, म्हणजे आत ऐकू जावं. आतून बांगड्यांचा आवाज यायचा. मग तो उठायचा. यायला-जायला मिळून पाच तास, आणि भेट बांगड्यांची.

मार्गशीर्षात कमळू म्हणाला, "दाजी, वैद्य म्हनतो आता ती बसते, भिंत धरून चालते. नेली तरी चाललं. पन हिसका बसता कामा नाय. एक जरी जोराचा हिसका बसला तर पुन्हा सहा महिने आडवी."

हिसका! लष्करानं लढाईसाठी केलेली ती जीप. तिच्यात बसून शहापूरहून किन्हवलीला गेलेला माणूस उतरल्यावर आधी दात जागेवर आहेत का ते चाचपून बघायचा. वर रस्ता असा, की बैलसुद्धा पाय टाकताना विचार करत.

मिस्त्री नव्हता असं नाही. आग्रा रोडला कुंडलिक मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. कसाऱ्याच्या घाटात चाकावरची कमान मोडलेले ट्रक त्याच्याकडंच येत. गाडीखालून नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस. पण तो फार विचारायचा. काय वाहतोस, किती वाहतोस, कुठं नेतोस. शिवाय शेडमध्ये सदा पाच-सहा डायवर चहा पीत बसलेले. त्यांच्यापुढं जाऊन सांगायचं काय? बायकोला गाडीतून आणायचीय, गाडी मऊ करून दे? धाऊच्या नुसत्या मनात आलं तरी कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यानं ठरवलं, आपणच करू.

त्यानं जीप परसात घेतली, दगडांवर टेकवली आणि खाली शिरला. चाकांवर लोखंडी पाट्यांच्या कमानी असतात, एकाखाली एक पाटे रचून बांधलेले. शेजारी शॉक, म्हणजे तेलाची बंद नळी, उसळी दाबून धरणारी. शॉकमधलं तेल कधीच आटलं होतं. धाऊनं नळीला भोक पाडलं, आत करंजेल ओतलं आणि भोक डांबरानं बुजवलं. एवढ्यावर भागलं असतं तर गाडी निदान होती तशी राहिली असती. पण त्याला पाट्यांचं कोडं सुटल्यासारखं वाटलं. बाईजा गोधडी शिवायची तेव्हा म्हणायची, थर जितके जास्त तितकी अंगाखाली मऊ. धाऊ आयुष्यभर तिच्या गोधडीवर निजलेला माणूस. लोखंडालाही तोच कायदा लागू असणार असं त्यानं धरलं. ठेकेदाराच्या वखारीत दुसऱ्या एका जीपचा सांगाडा पडला होता. त्याचे पाटे काढून आणले आणि प्रत्येक कमानीत दोन-दोन वाढवले. सतरा दिवस लागले. अंगठ्याचं नख गेलं. पाटे बांधणारे यू-बोल्ट आवळताना त्याला इतका आनंद झाला, की तो एकटाच परसात खाकरला. आपण कुणाला खाकरतोय हे कळल्यावर उठून आत गेला.

पहिल्या चकरेला रिकाम्या जीपनं त्याचं डोकं टपाच्या सळईवर आपटलं. दुसऱ्या चकरेलाही. नवी वहाण चावतेच, असं म्हणून त्यानं मागं भाताची आठ पोती टाकली, आणि गाडी खरोखर संथ चालली. तो किन्हवलीला जाऊन आला. एकाही पोत्यानं तक्रार केली नाही.

पौषात म्हशाची जत्रा झाली, बैल विकले गेले, रस्ते मोकळे झाले. धाऊनं मागं पेंढा पसरला, त्यावर दोन गोधड्या घातल्या आणि गेला. हिराबाईनं बाईजाला धरून आणलं. दहा महिन्यांत ती वाळून काटकी झाली होती, पण डोक्यात फूल घातलं होतं. तिनं जीपकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि चढून बसली. बरोबर कमळूही बसला.

दोन कोसही झाले नसतील. आठ पोत्यांखाली दबणाऱ्या कमानी त्या काटकीएवढ्या बाईच्या वजनानं कसल्या दबतात! दगडावर चाक चढलं, की सगळा दगड सरळ तिच्या कमरेत जायचा. धाऊ आरशात बघत होता. ती ओठ दाबून बसली होती. एका मोरीवर गाडी उडाली, आणि मागून बाईजाचा आवाज आला, "थांबवा."

त्यानं थांबवली. कमळूनं तिला उतरवून बांधाला टेकवली. तिच्या तोंडावर घाम होता. ती धाऊकडं बघत राहिली, तो काहीतरी बोलेल म्हणून. सतरा दिवस, नख, गोधडीचे थर, किती गोष्टी होत्या सांगायला! आणि हा गृहस्थ जीपच्या चाकाकडं बघत म्हणाला, "मालाची गाडी हाय ती. हिसके बसायचेच."

बाईजानं मान फिरवली. "कमळू," ती म्हणाली, "मला परत ने रे."

जवळच्या पाड्यावरून बाज आणली, चार माणसांनी ती खांद्यावर घेतली. धाऊ मागून पहिल्या गियरमध्ये जीप हाकत राहिला, बाजेच्या मागं मागं, दोन कोस. लोकांना वाटलं मयतच चाललंय. कुणीतरी हात जोडले. धाऊनं गाडी थांबवली नाही.

अंगणात उतरून तो उभा राहिला तेव्हा हिराबाई म्हणाली, "चहा ठेवते, दाजी." तो नको म्हणाला. पुढचे तीन महिने तो त्या बाजूला गेला नाही.

वैशाखात तो कुंडलिक मिस्त्रीच्या शेडपुढं जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात काम घेऊन. डायवर होतेच. कुंडलिक जीपखाली सरकला आणि खालूनच ओरडला, "कुनी केलं रे ह्ये? शॉकमध्ये करंजेल? दिवा लावायचा व्हता का आत?"

डायवर हसले.

कुंडलिक बाहेर आला. "काय वाहायचंय गाडीतनं?"

"माल."

"कसला?"

"नाजूक हाय. हिसका बसता उपेगी नाय."

"काचसामान?"

"हां."

"किती मण?"

आता आली पंचाईत. धाऊनं मनातल्या मनात वजन केलं. सव्वा मण. जास्त नाही. पण सव्वा मण काचेसाठी कोण जीप मिस्त्रीकडं आणतो? तेवढं माणूस डोक्यावर घेऊन जाईल. हे डायवर एका क्षणात ओळखतील. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि तो म्हणाला, "धा-बारा मण."

कुंडलिकनं धा-बारा मणांच्या हिशेबानं गाडी बांधली. धाऊचे पाटे काढले, नीट मापाचे घातले, शॉक बदलले. काम चोख होतं. धाऊ रिकामी गाडी सापगावपर्यंत नेऊन परत आला. "उडते."

"माल टाकून बघ की."

आठ दिवसांनी पुन्हा. "उडते." कुंडलिकनं पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं. आणखी आठ दिवसांनी तिसऱ्यांदा तीच तक्रार, तेव्हा मिस्त्रीनं हातातला पान्हा जमिनीवर आपटला.

"तू मला येडा समजतोस काय रे? धा मण टाकून कवा नेलीस? एकदा तरी नेलीस? दुखनं लपवून दवा मागतोस! मालाचं खरं वजन सांग, नायतर गाडी उचल हितनं."

धाऊनं गाडी उचलली असती. हात स्टिअरिंगवर गेलाही होता. पण ज्येष्ठ लागला होता. पंधरा दिवसांत पाऊस येणार, ओढे भरणार, आणि म्हशाचा रस्ता दसऱ्यापर्यंत बंद. आणखी एक पावसाळा त्या घरात एकट्यानं काढायचा. तो खाकरला. खाकरून भागणार नव्हतं.

"बाईजाला आनायची हाय," तो म्हणाला. "माझ्या बाईजाला. कंबर मोडलीय तिची. सव्वा मण असंल."

शेडमध्ये सहा माणसं होती. एकजण हसायला गेला आणि कुंडलिकनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं चहाच्या कपात तोंड घातलं.

"मग ह्ये पयल्या दिवशी सांगाया तुझं काय जात व्हतं?" कुंडलिक म्हणाला. पण आवाज उतरला होता. तो जीपखाली सरकला. "इकडं ये. झोप खाली. बघ. थर वाढले का लोखंड हट्टी व्हतं. गोधडी न्हवं ती."

धाऊला वाटलं, गोधडीचं याला कोणी सांगितलं? पण तसा मिस्त्रीच होता तो.

यावेळी कुंडलिकनं कमानी पुऱ्या उकलल्या. मधले पाटे काढून टाकले, उरलेले घासून गुळगुळीत केले, मध्ये ग्रीस भरलं. कल्याणहून हलके शॉक मागवले. शेवटी चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. "येवढं तर तुला घरी बी जमलं असतं," तो म्हणाला. आणि मग त्यानं एक गोष्ट केली. इतक्या वर्षांत कुणा गिऱ्हाइकासाठी त्यानं ती केली नव्हती. तो स्वतः मागं, पेंढ्याच्या जागी, पाय पसरून बसला. "चल सापगावला. मालाच्या जाग्यावर बसल्याबिगर मालाचं कळत नाय."

सापगावहून परत येताना धाऊनं मागं वळून बघितलं. कुंडलिक मिस्त्री डोळे मिटून बसला होता. "आन तिला," तो डोळे न उघडताच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आभाळ फाटलं. पावसानं पंधरा दिवसांचा वायदा पाळला नाही. ओढे भरले आणि रस्ता गेला. चार महिने जीप परसात ताडपत्रीखाली उभी होती. धाऊ कधी कधी रात्रीचं जेवण झालं, की जाऊन तिच्यात मागं बसायचा. मऊ होती. त्याला घरापेक्षा तिथं बरं वाटायचं.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी तो म्हशाला पोचला. बाईजा अंगणात बसून तांदूळ पाखडत होती, भिंतीला न टेकता. तोंडावर तेज आलं होतं. कमळू आणि हिराबाई ओटीवर होते. तिनं सूप खाली ठेवलं आणि चौदा-पंधरा वर्षांत पहिल्यांदा, भावासमोर, भावजयीसमोर, त्याला सरळ विचारलं.

"तुमी माझं नाव घेतलं म्हनं?"

आग्रा रोडचे डायवर. त्यांच्या पोटात पाणी तरी राहील, गोष्ट नाही राहत. मुरबाडच्या बाजारातून ती म्हशाला कधीच पोचली होती.

"हं," धाऊ म्हणाला.

"कुनापुढं?"

"मिस्त्रीपुढं. डायवर व्हते."

"सा मानसांना सांगितलं," बाईजा म्हणाली. ती रागावली नव्हती. तिचा आवाज रागावलेल्यापेक्षा वाईट होता. "त्या दिशी बांधावर मी तुमच्या तोंडाकडं बघत व्हते. तुमी म्हनला मालाची गाडी हाय. तवा नुसतं म्हनला असता, तुझ्यासाठी केली गो, तर मी तशीच बसले असते. हिसके खात आले असते शापूरपतुर. कंबर गेली असती तर गेली असती."

कमळू उठून गोठ्याकडं गेला. हिराबाईनं पदर तोंडाला लावला.

"आता कशाला आलाय?" बाईजानं विचारलं. "गाडी दाखवाया का मला न्याया?"

माहेरी असलेली बाई आपण होऊन उठत नाही. तिला कुणीतरी चल म्हणावं लागतं, सासऱ्यानं, दिरानं, नवऱ्यानं. चल म्हटलं, की ती बोलावणं आलं म्हणून ताठ मानेनं निघते. दोन अक्षरं. कुंडलिकच्या शेडमध्ये सहा परक्या माणसांपुढं जे जमलं, ते इथं अंगणात तिच्या डोळ्यांपुढं जमायला काय हरकत होती? मला विचाराल तर त्या क्षणी धाऊच्या पाठीत एक गुद्दा घालायला कुणीतरी हवं होतं. तिला घरी नेण्यावाचून त्याला जगात दुसरं काहीही नको होतं. आणि तो म्हणाला, "तुझी मर्जी."

तिची मर्जी! म्हणजे गेली तर भावाचं घर टाकून आपल्या पायांनी गेली, बोलावल्यावाचून. बाईजा थोडा वेळ थांबली. तिनं त्याला वेळ दिला, हे हिराबाई पुढं शपथेवर सांगायची. मग तिनं सूप उचललं आणि आत गेली. आत बांगड्या वाजल्या, आणि मग त्याही थांबल्या.

बाईजा म्हशालाच राहिली. कंबर बरी झाली, कमळूची पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढली. धाऊ पावसाळा सोडून दर अमावास्येला जायचा, ओटीवर चहा प्यायचा, पावसापाण्याचं मोठ्यानं बोलायचा. ती दोन अक्षरं घेऊन तो प्रत्येक वेळी शहापुरातून निघायचा आणि घेऊन परत यायचा. पाटे काढलेल्या जीपला जड माल झेपत नव्हता; तो तिच्यातून बाळंतिणी न्यायचा, म्हातारी माणसं न्यायचा. मागं बसलेली बाई झोपी जायची. त्याची गाडी मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंत नावाजली गेली.

डोकं तो शेवटपर्यंत स्वतःच भादरत राहिला. पण गाडीला त्यानं पुन्हा स्वतः पान्हा लावला नाही. म्हशाहून परत आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी जीप कुंडलिकच्या शेडपुढं उभी असायची.

"काय झालं?" कुंडलिक विचारायचा.

"बघ जरा. हिसका देते."

पहिल्या वेळी कुंडलिकनं सगळं सोडून बघितलं. काही नव्हतं. दुसऱ्या वेळीही. एकसष्ट सालच्या एका सकाळी त्यानं हात पुसत विचारलं, "धाऊ, कवा देते रे हिसका? उतारावर का चढावर?"

धाऊनं मागच्या चाकावर हात ठेवला.

"रिकामी असली का देते," तो म्हणाला.

कुंडलिकनं पान्हा उचलला आणि गाडीखाली सरकला. चांगला अर्धा तास तो खाली काहीबाही ठोकत राहिला, आणि धाऊ शेजारी उकिडवा बसून त्याला एक एक पान्हा देत राहिला.